डाव्या हाताचं काय?

कॉलेज फेस्टमध्ये साउंड चेक चालू असतो, कीबोर्ड दोन मिनिटं मोकळा सापडतो आणि कोणीतरी हमखास बेथोव्हेनच्या 'फ्यूर एलिस'ची सुरुवात वाजवतं. पंधरा सेकंद, टाळ्या, रील. 'पुढचं वाजव ना' म्हटलं की हसून उठतं. नावं ठेवत नाहीये हं, मीही त्यातलीच होते. व्हिडिओत वरून रंगीत पट्ट्या पडतात, तिथे बोट ठेवत गेलं की झालं. चार दिवसांत येतं, आठवड्यात विसरतं. तैवानमध्ये तर कचऱ्याच्या गाड्या हीच धून वाजवत फिरतात!

माझं म्हणणं एवढंच, की पियानो शिकायचाच असेल तर मोठ्या गाण्याचा तुकडा घेऊ नका. छोटंसं घ्या, पण अख्खं घ्या.

मी घेतला 'मिन्युएट इन जी'. जेमतेम 32 बार, प्रत्येकात तीन मात्रा. 1725 साली बाखने पत्नी अ‍ॅना मॅग्डालेनाला दिलेल्या वहीत तो आहे. ही वही घरात वाजवण्यासाठी होती, मैफलीसाठी नाही. वर्षानुवर्षं तो बाखच्या नावावर खपला. मग लक्षात आलं की तो ड्रेस्डेनच्या ख्रिश्चन पेट्झोल्ड या ऑर्गनवादकाचा. बिचारा पेट्झोल्ड.

बोरिवलीच्या वन बीएचकेत पियानो ठेवणार कुठे? माझा कीबोर्ड सेकंडहँड, 61 पट्ट्यांचा, पलंगावर मावणारा. मिन्युएटला तेवढ्या पुरतात. उजवा हात सोपा गेला, कारण आजीच्या पेटीवर लहानपणी बसले होते. शिवाय नवव्या बारपासून सुरुवातीचेच सहा बार पुन्हा येतात, म्हणजे तेवढा अभ्यास फुकटात. घोडं अडलं डाव्या हाताशी. पेटीवर तो आयुष्यभर भाता मारतो, सूर त्याच्या वाट्याला येतच नाहीत. इथे मात्र त्याला स्वतःची चाल आहे. उजवा थांबतो तिथे हा बोलतो.

म्हणून आधी डावा एकटाच, चार-चार बार, मेट्रोनोम 60 वर. रात्री अकराच्या स्लो लोकलने घरी यायचं आणि हेडफोन लावून अर्धा तास. बाहेर फक्त पट्ट्यांची खटखट. दोन्ही हात जोडले त्या दिवशी आधी येत होतं तेही गेलं. तुमचंही जाईल. तेव्हा वेग वाढवू नका, निम्मा करा.

'आपलं संगीत सोडून हे कशाला?' असं कोणी म्हणेलच. ज्या पेटीला आपण आपली म्हणतो, तीही युरोपातूनच आली. आकाशवाणीने 1940 ते 1971 तिला दारात उभं केलं नव्हतं. तरी भजनात ती आहेच की.

मागच्या रविवारी हेडफोन काढून वाजवलं. आजीची बोटं आता वाकत नाहीत, पेटी माळ्यावर गेलीय. ती आतून म्हणाली, "दुसरं कोण आलंय गं वाजवायला?"

मी काहीच बोलले नाही. सत्ताविसाव्या बारला अडखळले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.