आकाशातला दगड आणि एक्स्पायर झालेलं सर्टिफिकेट

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार. सकाळचे साडेनऊ, म्हणजे माझी मध्यरात्रच. फोन वाजला. आई.

"अगं, २०३२ साली मुंबईवर दगड पडणारे म्हणे. मामाने पाठवलंय."

मामाने पाठवलेलं मलाही आलंच होतं. जगाच्या नकाशावर लाल पट्टा, पॅसिफिकपासून आफ्रिकेवरून अरबी समुद्र ओलांडून थेट आपल्यापर्यंत, आणि खाली "३.१ टक्के!!!" असं तीन उद्गारचिन्हांसकट. डोंबिवलीच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचा करार मामाने नुकताच केला होता, त्यामुळे त्याची काळजी मी समजू शकते. पण फॉरवर्ड फिरत फिरत आमच्यापर्यंत येईतो आकडा अर्ध्या टक्क्याच्याही खाली आला होता. मंगळवारी ३.१, शनिवारी नगण्य.

"म्हणजे आधी घाबरवायचं आणि मग नाही म्हणायचं," आईचा शेरा. ऑफिसातही सोमवारी हेच ऐकलं, जरा जास्त इंग्रजीत. म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

त्या दगडाचं नाव २०२४ वायआर४. साठेक मीटरचा लघुग्रह, म्हणजे वीस मजली इमारत आडवी करून फेकावी एवढा. २२ डिसेंबर २०३२ ही तारीख. आता टक्केवारी आधी वाढते आणि मग एकदम शून्यावर का येते? समजा तुमच्या घराची किल्ली हरवली आहे आणि ती घरातच आहे हे नक्की. हॉल पाहिला, नाही. बेडरूम पाहिली, नाही. आता ती स्वयंपाकघरात असण्याची शक्यता वाढली ना? किल्ली जागची हललेली नाही, फक्त शोधायच्या जागा कमी झाल्या. मग ती पर्सच्या आतल्या कप्प्यात सापडते आणि स्वयंपाकघराचा आकडा एका क्षणात शून्य होतो. लघुग्रहाचंही तसंच. सुरुवातीला त्याची २०३२ मधली संभाव्य जागा म्हणजे लांबच लांब पट्टा, त्यात पृथ्वी म्हणजे एक टिकली. निरीक्षणं वाढली की पट्टा आखडतो, टिकली तेवढीच राहते, म्हणून टक्का चढतो. शेवटी टिकली पट्ट्याबाहेर पडते. २४ फेब्रुवारीला आकडा होता ०.००४ टक्के. यात कुणी कुणाला घाबरवलं नव्हतं. सगळा हिशोब जगासमोर, रोजच्या रोज. आमच्या प्रोजेक्टचं स्टेटसही इतकं पारदर्शक नसतं.

तर टक्केवारीचं मला काही वाटलं नाही. मला खटकली ती वेगळीच गोष्ट, जी कुठल्याच फॉरवर्डमध्ये नव्हती. हा दगड पृथ्वीच्या सर्वात जवळून गेला २५ डिसेंबर २०२४ ला. आणि चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीने तो शोधला २७ डिसेंबरला.

पुन्हा वाचा. आधी गेला, मग दिसला.

यात दुर्बिणीची चूक नाही. तो सूर्याच्या बाजूने आला, आणि जमिनीवरची दुर्बीण सूर्याकडे पाहू शकत नाही. त्या बाजूने जे येतं ते घराच्या मागच्या दाराने येतं. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर असाच एक आला. फक्त वीसेक मीटरचा. हवेतच फुटला. आधी लखलखाट झाला, लोक "काय झालं" म्हणून खिडक्यांशी धावले, आणि मिनिटा-दोन मिनिटांनी मागून आलेल्या धक्क्याने त्याच काचा त्यांच्या तोंडावर फुटल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी. गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की त्याच दिवशी दुसरा एक लघुग्रह पृथ्वीपासून सत्तावीस-अठ्ठावीस हजार किलोमीटरवरून जाणार हे वर्षभर आधी माहीत होतं. सगळ्या जगाचे डोळे त्याच्यावर, आणि हा मात्र कुणाच्याच यादीत नव्हता.

आता लघुग्रह म्हटलं की आपल्याला आठवतात सिनेमे. शेवटचे काही दिवस, अणुबॉम्ब, तिशीतले देखणे हुतात्मे. प्रत्यक्षातला उपाय फार बेचव आहे. तो म्हणजे धक्का. आणि तो करून झालेला आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट नावाचं यान, वजन सुमारे ५७० किलो, सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने डायमॉर्फोस नावाच्या दीडेकशे मीटरच्या दगडावर मुद्दाम आदळवलं. हा दगड दुसऱ्या मोठ्या दगडाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा. त्याच्या फेरीत ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी धरायची असं ठरलं होतं. पडला सुमारे ३३ मिनिटांचा. दगड मुळात सैल ढिगाऱ्यासारखा, त्यामुळे आदळल्यावर जो मलबा मागे उडाला त्यानेच त्याला आणखी ढकललं.

पण या धक्क्याची एक अट आहे, आणि ती समजायला बारावीचं गणित पुरतं. समजा आपण एखाद्या लघुग्रहाचा वेग सेकंदाला फक्त एक सेंटिमीटरने बदलला. मुंगीलाही जमेल असा वेग. वर्षात साधारण ३ कोटी १५ लाख सेकंद असतात, म्हणजे वर्षाला ३१५ किलोमीटर. कक्षेचा कालावधी बदलत असल्यामुळे प्रत्यक्ष फरक याच्या जवळजवळ तिप्पट पडतो. दहा वर्षांत झाले साडेनऊ हजार किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या ६,४०० च्या आत आहे. मुंगीच्या चालीने पृथ्वी वाचली! पण तुमच्याकडे एकच वर्ष असेल तर तोच परिणाम साधायला दहापट धक्का हवा. सहा महिने असतील तर वीसपट. आणि दगड आधीच निघून गेला असेल तर... असो.

यावरून आठवलं. माझ्या आधीच्या एका कंपनीत (नाव सांगत नाही, कुठल्याही कंपनीचं घाला, शोभेल) एका शनिवारी रात्री बारा वाजता सगळी पेमेंट्स बंद पडली. कॉलवर अकरा जण, त्यातला एक लग्नाच्या रिसेप्शनमधून, मागे बँड वाजतोय. पहाटे चारला कळलं की सर्व्हरचं सिक्युरिटी सर्टिफिकेट एक्स्पायर झालंय. ही तारीख वर्षभर आधीपासून त्या सर्टिफिकेटमध्येच लिहिलेली असते! आठवडाभर आधी कुणी पाहिलं असतं तर दहा मिनिटांचं काम. आठवणीचा मेल जायचा तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाला. तारखांवर लक्ष ठेवणारी छोटी स्क्रिप्ट लिहायचं तिकीट तीन स्प्रिंट मागे पडून होतं, कारण त्यातून "बिझनेस व्हॅल्यू" दिसत नव्हती. पुढच्या महिन्यात रात्रभर जागलेल्यांना स्पॉट अवॉर्ड मिळालं. ते तिकीट टाकणारीला काय मिळालं ते विचारू नका :-)

माझं म्हणणं एवढंच आहे की पृथ्वीच्या रक्षणाचा प्रश्न हा असाच सर्टिफिकेटचा प्रश्न आहे. धक्का मारायची तांत्रिक अडचण बरीचशी सुटली आहे. अडलंय ते पाहण्यापाशी. आणि पाहणं हे स्वस्त आणि कंटाळवाणं काम आहे, त्यामुळे ते नेहमी पुढच्या स्प्रिंटमध्ये जातं.

बघा ना. २००५ साली अमेरिकन काँग्रेसने नासाला कायद्याने सांगितलं की पृथ्वीजवळचे १४० मीटरहून मोठे लघुग्रह, त्यातले ९० टक्के, २०२० पर्यंत शोधा. असे दगड असावेत अंदाजे २५ हजार. २०२० कधीच उलटलं, आणि सापडलेत निम्म्याहूनही कमी. (किलोमीटरहून मोठे मात्र जवळपास सगळे सापडलेत, त्यामुळे डायनासोरछाप भीती बाळगू नका.) राहिलेले शोधायला हवी अवकाशातली दुर्बीण, जी उष्णतेच्या किरणांमध्ये पाहील आणि सूर्याच्या बऱ्याच जवळपर्यंत नजर टाकू शकेल. तशी एक, निओ सर्व्हेअर, मंजूरही झाली. मग २०२२ मध्ये तिचा निधी कापून उड्डाण दोन वर्षं पुढे ढकलण्यात आलं. २०२२! ज्या वर्षी डार्टच्या धडकेचे व्हिडिओ बघून सगळं जग टाळ्या वाजवत होतं त्याच वर्षी. धडकेला टाळ्या मिळतात. यादी करणाऱ्याला कोण टाळ्या वाजवणार? युरोपची निओमिर नावाची अशीच एक योजना आहे. ती आकाशात असती तर वायआर४ महिनाभर आधी दिसला असता असं त्यांचंच गणित सांगतं. ती त्या वेळी कागदावर होती.

आमच्या टीममधला एक मित्र म्हणतो, "आधी कात्रज-कोंढवा रस्ता करा, मग पृथ्वी वाचवा." बरोबर आहे, मीही त्याच रस्त्याने जाते. पण या दोन गोष्टींचे पैसे एकाच पाकिटातून येत नाहीत, आणि दुर्बिणी न घेतल्याने आजवर कुठला रस्ता झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. दुसरं, तो म्हणतो की असं काही आपल्या आयुष्यात होणार नाही. हेही बहुधा खरं. साठ मीटरचा दगड हजारेक वर्षांतून एकदा. पण तो आपल्याकडे येत नाही असं म्हणायला जागा नाही. लोणारला जाऊन विवराच्या काठावर उभं राहा. पाऊण किलोमीटरहून मोठी त्रिज्या, बसाल्टमध्ये खोदलेली, आणि तळाशी ते खारं पाणी. इंजिनिअरिंगच्या ट्रिपला आम्ही तिथे फक्त फोटो काढले आणि मिसळ खाल्ली.

भारताने काय करावं? मला वाटतं आपल्याकडे एक अगदी सरळ भांडवल आहे, ते म्हणजे रेखांश. आपली अर्धी आयटी त्यावरच उभी आहे: तिकडे झोपतात तेव्हा आपण जागे. इथे उलट करायचं. चिलीत आणि हवाईत दिवस असतो तेव्हा लडाखमध्ये रात्र असते. हानलेला आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ग्रोथ-इंडिया ही ०.७ मीटरची दुर्बीण आहे, पूर्णपणे रोबोटिक, आणि पृथ्वीजवळच्या लघुग्रहांचा मागोवा हे तिच्या कामांपैकी एक आहे. अशी एक नाही, चार-पाच हव्यात, फक्त याच कामाला जुंपलेल्या. चांद्रयान-३ उतरताना आमचा अख्खा फ्लोर कॅफेटेरियात जमला होता. या दुर्बिणींसाठी कुणी जमणार नाही, हे मला माहीत आहे. तरी पैसे द्यावेत.

हे सगळं मी त्या शनिवारी आईलाही फोनवर ऐकवलं, जरा कमी आकड्यांत. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे सात वर्षं आधी दिवससुद्धा सांगता येतो?"

"हो, वेळही."

आई औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला ती एकवीस वर्षांची होती. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसं स्वतःच्याच घरांच्या दगडी भिंतींखाली गेली. आईची शाळेतली मैत्रीण सासरी होती, सास्तूरला. आई त्याबद्दल सहसा बोलत नाही. त्या दिवशीही फार बोलली नाही. "आम्हाला कुणी पाच मिनिटं आधी सांगितलं असतं तरी..." एवढंच म्हणाली आणि मग मामाला काय कळवायचं ते विचारलं. रिडेव्हलपमेंट चालू ठेव म्हणावं, मी म्हटलं.

पुढची तारीख मात्र तिने स्वतः लिहून घेतली आहे. अपोफिस नावाचा पावणेचारशे मीटरचा लघुग्रह पृथ्वीपासून साधारण ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे, म्हणजे आपल्या टीव्हीच्या उपग्रहांपेक्षाही जवळून. २००४ मध्ये त्याचाही टक्का २.७ पर्यंत चढला होता. २०२१ मध्ये रडारने मोजून पुढच्या शंभर वर्षांसाठी निकाल लावला: आदळणार नाही. आपल्याकडे तेव्हा १४ एप्रिल २०२९ उजाडलेला असेल, पहाटेचे सव्वातीन. आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे, ऑफिसचा प्रश्न नाही. दिनदर्शिका अजून छापलेली नाही म्हणून आईने ते डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय, आणि मला बजावलंय की सव्वातीनला नाही, तीनलाच उठव.