सायलेन्सर काढून इतिहास कळत नाही

चंद्रपुरात मूल रोडवरच्या एका टपरीवर जवळजवळ रोज संध्याकाळी एकच भांडण होतं. एक जण इटलीच्या बाजूने, दुसरा इंग्लंडच्या.

"अबे, एमव्ही अगुस्टाचा आवाज ऐक एकदा," पहिला मोबाइल पुढे करतो. दुसरा हसतो. "मॅन्क्स नॉर्टनपुढं ते खेळणं आहे बे. मर्दाची गाडी म्हणजे ब्रिटिशच."

दोघांनीही या गाड्या प्रत्यक्ष पाहिलेल्या नाहीत. मीही नाही. आम्ही तिघं पाहतो ते तीस सेकंदांचे व्हिडिओ. त्यात माणूस दिसत नाही, रस्ता कळत नाही, फक्त आवाज येतो. माझा राग त्या गाड्यांवर नाही, त्यांच्यावर माझाही जीव आहे. माझा राग आहे तो आपण त्यांच्याकडून नेमकं चुकीचं काय उचललं, यावर.

आधी हे 'इटली विरुद्ध इंग्लंड' प्रकरण तपासू. 1935 साली आइल ऑफ मॅन बेटावरच्या सीनियर टीटी शर्यतीत मोटो गुझीने नॉर्टनला चार सेकंदांनी हरवलं. गुझी शेवटच्या फेरीआधी पेट्रोल भरायला थांबणार, अशी नॉर्टनवाल्यांची समजूत करून दिली होती आणि ती थांबलीच नाही. इटलीचा विजय, बरोबर? पण गाडीवर होता स्टॅनली वुड्स, डब्लिनचा आयरिश माणूस.

1949 मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं तेव्हा 500 सीसीचं पहिलं पद एजेएस या ब्रिटिश गाडीने मिळवलं. 1951 मध्ये जेफ ड्यूकने ते नॉर्टनवर जिंकलं. त्यानंतर तो गाडी बदलून इटलीच्या गिलेरावर बसला आणि 1953 ते 1955 सलग तीन वेळा विजेता ठरला. 1957 मध्ये टीटीच्या फेरीत ताशी शंभर मैलांचा वेग पहिल्यांदा गाठला गेला, तोही गिलेरावर. चालवणारा बॉब मॅकिन्टायर स्कॉटलंडचा. पुढे 1958 ते 1974 अशी सलग 17 वर्षं 500 सीसीचा विजेता एमव्ही अगुस्टावर बसलेला होता. त्या 17 पैकी सात वर्षं जिआकोमो अगोस्तिनीची. उरलेली दहा सर्टीस, हॉकिंग, हेलवूड आणि रीड यांची. चौघांत एकही इटालियन नाही.

म्हणजे इंजिन मिलानजवळच्या कारखान्यातलं आणि हात बहुतेक वेळा इंग्रजी बोलणाऱ्यांचे. ज्या भांडणात खुद्द चालवणारे झेंडा बघत नव्हते, त्यात मूल रोडवर आपण कोणाचा झेंडा नाचवतोय?

बरं, 1951 नंतर ब्रिटिश गाडीला 500 सीसीचं ते पद परत का मिळालं नाही? नॉर्टनची चौकट अप्रतिम होती. 1950 ची 'फेदरबेड' फ्रेम आजही जाणकार नावाजतात. पण इंजिन तेच, एका सिलिंडरचं. समोर गिलेराचं चार सिलिंडरचं इंजिन आलं, तरी नॉर्टन जुनंच घासून-पुसून चालवत राहिली. 1954 नंतर नॉर्टन आणि एजेएस या दोघांनीही कारखान्याचे पूर्ण ताकदीचे संघ मागे घेतले. ज्या 'दणदणीत सिंगल'ची आपण आरती करतो, तिला धरून बसणं हेच हरण्याचं एक मोठं कारण होतं.

इटलीप्रेमींनीही फार खूश होऊ नये. 1957 च्या हंगामानंतर गिलेरा, मोटो गुझी आणि मोंडिआल यांनी एकत्र ठरवून शर्यती सोडल्या. खर्च परवडत नव्हता आणि मोटरसायकलचा धंदाही बसू लागला होता. त्याच वर्षी इटलीत फियाट 500 ही छोटी कार आली, यातच काय ते समजा. एमव्हीने आधी होकार दिला आणि मग शब्द फिरवला. त्यांना परवडलं, कारण काउंट अगुस्टांचा मूळ धंदा विमानांचा होता आणि 1952 पासून ते परवान्यावर हेलिकॉप्टरही बनवत होते. त्या 17 पदांतली सुरुवातीची काही तरी निम्मं मैदान रिकामं असताना मिळालेली आहेत. व्हिडिओत हे सांगत नाहीत. आवाजात हिशेब ऐकू येत नाही.

आता आपल्याकडे या. हे भांडण आपल्या जिल्ह्यांत खरंच आलं होतं, पण वेगळ्या रूपात. 1955 पासून मद्रासला रॉयल एनफिल्डची बुलेट बनू लागली, मूळ गाव इंग्लंडमधलं रेडिच. साठच्या दशकात पुण्याजवळ आकुर्डीला बजाजने इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली. 1971 मध्ये तो करार संपला आणि 1972 मध्ये त्याच घराण्यातली चेतक आली.

माझे मामा जंगलाच्या ठेक्यांमध्ये होते, त्यांच्याकडे बुलेट. बाबा धानोरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, त्यांच्याकडे चेतक. गावात बुलेटचा आवाज आला की लोक उठून उभे राहत. ठेकेदार असेल, पोलीस असेल, कोणी साहेब असेल. चेतकच्या आवाजाला कोणी उठत नसे. गुरुजी आले, एवढंच. आमच्याकडे इटली आणि इंग्लंड यांच्यातला फरक हा होता. एका गाडीचा धाक होता, दुसरीचा उपयोग.

आणि उपयोगाची गाडी साधी नव्हती बरं का. व्हेस्पा आखली कोर्राडिनो दास्कानिओ या हेलिकॉप्टरच्या अभियंत्याने, 1946 मध्ये. त्याला मोटरसायकल आवडतच नसे. कपडे खराब होऊ नयेत म्हणून त्याने इंजिन झाकलं, साडीत किंवा धोतरात बसता यावं अशी जागा पुढे आपोआपच झाली, आणि पंक्चर झालं तर बाजूने चाक काढता यावं अशी सोय केली. बाबा पावसाळ्यात मुरमाच्या रस्त्यावर दोनदा घसरले, लहान चाकांचा तो दोष होताच. पण ती गाडी तिरपी करून किक मारायची, प्लग काढून साफ करायचा, मिक्स ऑइल मोजून टाकायचं, हे मला दहाव्या वर्षी येत होतं. मामांच्या बुलेटला हात लावायची परवानगी मला कधीच मिळाली नाही.

"जुन्या गाड्यांचा नाद निरुपद्रवी आहे, तुझं काय जातं?" असं मला नेहमी विचारतात. काय जातं ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आष्टी-आलापल्ली रस्त्यावर माझा एक वर्गमित्र गेला. सायलेन्सर बदललेली गाडी, हेल्मेट घरी खुंटीला, समोरून लोहखनिजाचा ट्रक. रस्त्याचा दोष होता, ट्रकांच्या रांगांचा होता. ते भांडण वेगळं आहे आणि ते मी सोडलेलं नाही. पण त्या दिवशी सकाळी त्याने ठेवलेलं स्टेटस माझ्या डोक्यातून जात नाही. जुन्या टीटीची क्लिप, आणि खाली लिहिलेलं, 'जगावं तर असं'.

असं म्हणजे कसं? त्या बेटावरच्या साठ किलोमीटरच्या फेरीने 1911 पासून अडीचशेहून अधिक जीव घेतले आहेत. 1972 मध्ये पावसात शर्यत झाली आणि अगोस्तिनीचा मित्र जिल्बेर्तो पार्लोत्ती तिथे मेला. त्याच दिवशी सीनियर टीटी जिंकलेल्या अगोस्तिनीने ठरवलं, इथे पुन्हा उतरायचं नाही. इतर मोठे चालकही दूर राहू लागले आणि 1976 नंतर टीटीचा जागतिक अजिंक्यपदातला दर्जा गेला. ज्याला आपण देव मानतो, त्याची सगळ्यात मोठी गोष्ट 'नाही' म्हणण्याची आहे. तिची रील मला अजून कोणी पाठवलेली नाही.

सायलेन्सरचंही तेच. शर्यतीच्या गाड्यांचा कर्णा उघडा असे तो इंजिनाची ताकद वाढवायला, लोकांनी वळून बघावं म्हणून नाही. आपण मोहर्लीच्या रस्त्याने, ताडोबाच्या कडेने, फटाके फोडत जातो. त्या गावांत तान्ही बाळं झोपलेली असतात, पलीकडे जंगल असतं. याने गाडी जोरात पळत नाही. फक्त मामांच्या बुलेटसारखं लोकांना उठवून उभं करता येतं. आपल्याला वेग नको आहे, धाक हवा आहे. हे निदान कबूल तरी करा.

आणि ज्यांना खरंच इटली-इंग्लंड बघायचंय, त्यांनी पुण्याची गाडी पकडावी. एप्रिलिया आरएस 457 बारामतीला बनते. ट्रायम्फ स्पीड 400 बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनते. नॉर्टन 2020 पासून टीव्हीएसची आहे आणि बीएसए महिंद्रांच्या घरात आहे. दोन्ही देशांची मोठी नावं आज मराठी मुलुखातल्या एकाच जिल्ह्यात जुळवली जातात. जुळवणाऱ्यांत विदर्भातून गेलेली आयटीआयची पोरं आहेत. माझा मावसभाऊ चाकणला एका खोलीत पाच जणांबरोबर राहतो. पक्की नोकरी नाही. टॉर्क रेंच हातात धरून त्याला जे कळलंय, ते आपल्या टपरीवर कोणालाच कळलेलं नाही. मागच्या दिवाळीत तो घरी आला, तेव्हा त्याला एकानेही विचारलं नाही की बाबा रे, ते इंजिन आतून कसं असतं. सगळ्यांनी विचारलं, "टॉप स्पीड किती?"

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नॉर्टन आवडत असेल तर तिची फ्रेम इतकी चांगली का होती ते शोधा. एमव्ही आवडत असेल तर चार सिलिंडरने नेमकं काय बदललं ते समजून घ्या. गावातल्या मेकॅनिककाकांकडे रविवारी जाऊन बसा, कार्ब्युरेटर उघडायला शिका, हात काळे करा. सायलेन्सर मूळचा बसवा. हेल्मेट खुंटीवरून काढा.

बाबांची चेतक अजून अंगणात आहे. पावसाळ्याआधी ती मला पुन्हा सुरू करायची आहे आणि क्लचची केबल एकट्याने बसत नाही. टपरीवरच्या त्या दोघांना मी बोलावलंय. इंग्लंडवाला लगेच येतो म्हणाला. इटलीवाल्याने विचारलं, "आवाज कसा येते बे तिचा?"

ये आणि ऐक, म्हटलं.