गहुलीचे वसंतराव

प्रतिवर्षीं १ जुलै रोजीं कृषिदिन आला कीं, वसंतराव नाईकांच्या तसबिरीस हार पडतो. ते आपल्याच जिल्ह्याचे, पुसद तालुक्यांतील गहुली गांवचे; जन्म १९१३ चा, बंजारा शेतकऱ्याच्या घरीं. नागपुरास कायदा शिकून त्यांनीं पुसदास वकिली केली खरी, पण ओढा मातीकडे. १९६३ पासून १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. (पुढें त्यांचे पुतणे सुधाकररावही त्या पदावर बसले, एका लहानशा गांवास हा मान थोडा नव्हे.) संकरित ज्वारी शेतोशेतीं पोहोंचली व कृषिविद्यापीठें उभीं राहिलीं, तीं वसंतरावांच्याच काळांत.

परंतु आमच्या मतें वऱ्हाडच्या मुलांनीं त्यांच्या दुसऱ्या एका कामाचा विचार करावा. १९७२ सालीं कापसाच्या एकाधिकार खरेदीची योजना सुरू झाली. कापूस सरकारनें घ्यावा, हमीचा भाव द्यावा, आणि गांठी विकून नफा उरल्यास त्यांतही शेतकऱ्याचा वांटा असावा, अशी ती कल्पना. पुढें तोटा सांचला, चुकारे रखडले, आणि योजना बंद पडली. म्हणून मूळ कल्पनाच चुकीची होती, असें म्हणणारे आहेत. आम्हांस तें पटत नाहीं. बीं, खत, औषध दुकानदार सांगेल त्या भावानें घ्यावें आणि पीक मात्र व्यापारी सांगेल त्या भावानें विकावें, हें दुखणें त्यांनीं नेमकें ओळखलें होतें. ह्या शतकांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं आपल्या जिल्ह्याचें नांव देशभर झालें, तेव्हां तें दुखणें किती खोल आहे हें सर्वांस दिसलें. यासाठीं कृषिदिनीं भाषणें थोडीं कमी करून प्रत्येक विद्यार्थ्यानें घरच्या कापसाचा खर्च व विक्रीची पट्टी वहींत मांडून आणावी, अशी आमची सूचना आहे.