गाणें आपलें, मग नांव कोणाचें?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आज पीकपाण्याचा विषय बाजूस ठेवून एका निराळ्या धंद्याविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत. धंदा म्हटलें म्हणून कोणी नाक मुरडूं नये. ज्याच्या घरची चूल डफ-तुणतुण्यावर पेटते, त्यास गाणें हा धंदाच आहे. हलगी, सनई, संबळ हीं वाद्यें पिढ्यान्पिढ्या कोणाच्या हातीं राहिलीं, हें वाचकांस सांगणें नको.

पूर्वीं हलगीवाल्यास श्रोता शोधावा लागत नसे. गांव हाच त्याचा श्रोता, आणि तो जन्मानेंच गांवाशीं बांधलेला. मोबदला म्हणजे सुगींत खळ्यावरचें सूपभर धान्य. मान म्हणाल तर वाजवावें मंडपाबाहेर आणि जेवावें सर्वांच्या मागून! ती व्यवस्था मोडली ह्याचें आम्हांस तिळमात्र दुःख नाहीं. परंतु बांधलेला श्रोता गेल्यावर आपखुषीचा श्रोता कसा जोडावा, हें ह्या पोरांस कोणी शिकविलें काय?

कोणी म्हणेल, आतां मोबाईल आहे, काळजी कसली? यूट्यूब २००५ सालीं निघालें, २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालें, आणि माळावर उभें राहून गाइलेलें गाणें घटकेंत देशोदेशीं जाऊं लागलें. कंपनीची पायरी न चढतां आवाज गांवाबाहेर जातो, ही लहान गोष्ट नव्हे. पण ह्या नव्या पाटलाचीही वतनदारी आहे. जाहिरातीच्या पैशांत वांटा हवा, तर आधीं १००० वर्गणीदार जमवा, आणि शिवाय वर्षांत ४००० तास लोकांनीं पाहिलें पाहिजे, अथवा छोट्या चित्रफिती ९० दिवसांत १ कोटी वेळां पाहिल्या गेल्या पाहिजेत. स्पॉटिफाय ह्या कंपनीनें तर २०२४ पासून नियमच केला, कीं मागील बारा महिन्यांत १००० वेळां न वाजलेल्या गाण्यास कवडीही मिळावयाची नाहीं. म्हणजे नवशिक्याचें पीक तेवढें कोठारांत, आणि माप मात्र कोठारवाल्याच्या हातीं!

आमच्या भागांतील एका तरुणाची हकीकत ऐका. ऊसतोडीवर त्यानें गाणें रचलें, चाल लाविली, स्वतःच गाइलें. एका कंपनीनें थोडी रक्कम एकदांच हातावर ठेविली व कागदावर सही घेतली. पोरानें कागद वाचला नाहीं. पुढें तें गाणें वरातीवरातींत वाजूं लागलें. त्यानें तें आपल्या स्वतःच्या यूट्यूबवर चढविलें, तर कंपनीनें हक्क सांगून उतरविलें! सावकाराच्या रोख्यावर आज्यानें आंगठा उठविला तो अक्षरओळख नव्हती म्हणून. नातू शिकलेला असून न वाचतां सही करितो, त्यास काय म्हणावें? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यास २०१२ सालीं दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रणांत घेतलेल्या गीताच्या लेखकाचा व संगीतकाराचा रॉयल्टींतील समान वांटा आतां कंपनीस लिहून घेतां येत नाहीं. कायदा आहे, पण तो माहीत नसणारास असून नसून सारखाच.

तर मग श्रोता जोडावा कसा? ह्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. जोतीरावांनीं १८६९ सालीं शिवछत्रपतींचा पवाडा रचला. १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढें त्याचे जलसे गांवोगांव फिरले. त्यांनीं रयतेस दूर नाट्यगृहांत बोलाविलें नाहीं. रयतेच्या ओळखीचा तमाशाचा बाज घेतला, तिच्याच बोलींत तिचेंच दुःख मांडलें. लोक करमणुकीस आले आणि विचार घेऊन घरीं गेले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गव्हाणकर ह्यांनीं १९४४ सालीं लाल बावटा कलापथक काढलें, तें कामगारांच्या वस्तीवस्तींत गाइलें. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गांवोगांव हिंडले आणि त्यांचीं गाणीं हजारों कंठांनीं उचललीं. ह्या कोणाचाही श्रोता आंकड्यांत मोजलेला नव्हता. तो ओळखीचा होता.

नारायणगांवच्या राहुट्याही पाहाव्या. जत्रांच्या हंगामापूर्वीं तमाशाचे फड तेथें तंबू ठोकतात, गांवोगांवचे पंच येतात, समोरासमोर बोलणें होतें आणि सुपारी ठरते. नांवाची पाटी फडाची, सौदाही फडाचा. हाच शहाणपणाचा रस्ता. मात्र २०२० व २०२१ सालीं जत्रा बंद राहिल्या तेव्हां ह्याच फडांवर उपासमारीची पाळी आली, हेंही विसरूं नये. एकाच दारावर पोट ठेवूं नये, मग तें दार जत्रेचें असो वा मोबाईलचें.

म्हणून तरुण गाणाऱ्यास आमचें सांगणें आहे. लाखांच्या मागें धांवण्याआधीं शंभर घरें आपलीं कर. कार्यक्रम झाला कीं वही पुढें कर. नांव, गांव व फोन लिहून घे. नवें गाणें झालें कीं त्या शंभरांस पहिलें कळूं दे. मोबाईलवरील वर्गणीदार कंपनीच्या दप्तरीं असतो, वहींतला तुझ्या घरीं असतो. प्रत्येक गाण्याच्या आरंभीं आपलें व साथीदारांचें नांव सांग. आणि कागद वाचल्याशिवाय सही करूं नको. वाचून न कळला तर कळणाराकडे जा.

पण सगळा उपदेश गाणाऱ्यासच करून आम्ही मोकळे होणार काय? विठाबाई नारायणगांवकर ह्यांचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. पण २००२ सालीं त्या गेल्या, तेव्हां अखेरच्या आजारांत औषधपाण्यासही पैसा पुरत नव्हता. त्यांच्या फडापुढें शिट्ट्या-टाळ्या वाजविणारे आपणच ना? वरातींत डीजेच्या भिंती उभ्या करावयास कर्ज काढतों, आणि गांवच्या सनईवाल्याशीं शंभर रुपयांसाठीं घासाघीस करितों! लोहाराकडून विळा फुकट नेत नाहीं, मग गाणेंच तेवढें फुकट कां?

यंदाच्या जत्रेच्या बैठकींत हा प्रश्न उठवा. एक रात्र तरी आपल्या पंचक्रोशींतील गाणाऱ्यास द्या, विसार आधीं द्या, आणि त्याचें नांव पत्रिकेवर छापा. बलुत्याच्या काळीं त्यास सूपभर धान्य मिळे, पण नांव मिळत नसे. आतां दाम आणि नांव दोन्ही द्यावयाचें, कीं पुन्हां मंडपाबाहेरच उभें करावयाचें, हें ठरविणें तुमच्या हातीं आहे.