आधी चेकलिस्ट, मग तक्रार

संगणक कक्षात काही विद्यार्थी फ्लाइट सिम्युलेटरमध्ये बिझनेस जेटचे अ‍ॅड-ऑन चालवतात. इंजिन सुरू झाले नाही की लगेच, "सर, अ‍ॅड-ऑन बिघडले, पुन्हा टाकू या!" पाहावे तर बहुधा बॅटरीचा स्विच बंद, नाहीतर इंधनाचा लिव्हर कट-ऑफवर.

30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत बोइंगचे मॉडेल 299 विमान उड्डाण करताच कोसळले. शेपटीकडील नियंत्रणांचे कुलूप काढायचे राहिले होते. दोघांचा जीव गेला. त्यानंतर वैमानिकांत चेकलिस्ट रुजली.

म्हणून आम्हांस वाटते, पालकांनी व विश्वस्तांनी याला केवळ खेळ समजून बंद करू नये. मुलांनी मात्र क्रमाने तपासावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गणित चुकले तर आपण पुस्तक बदलत नाही, पायऱ्या तपासतो.