संगणकातला माल आणि गोदामातला माल



गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या परिचयातील पितापुत्र घरी आले. पित्याने कोल्हापुरात लोखंडी सामानाची पेढी चालवीत असतानाच औद्योगिक वसाहतीत शेतीपंपांची जुळणी करणारा एक छोटा कारखाना सुरू केला. त्यास आता बावीस वर्षे झाली. चिरंजीव अभियंता असून तीन वर्षांपासून तेच कारखाना पाहतात. उत्पादनाचे नियोजन करणारी आणि कामावर देखरेख ठेवणारी संगणक-प्रणाली घ्यावी, असा मुलाचा आग्रह आहे. दरपत्रक साडेसहा लाखांचे आले आहे व ही रक्कम बँकेच्या कर्जातूनच उभी करावी लागणार आहे. पिता म्हणाले, "साहेब, कोणता नट कोणत्या रॅकमध्ये आहे हे मी डोळे मिटून सांगतो. मग हा खर्च कशासाठी?" मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, पप्पा डोळे मिटून सांगतात हे खरेच आहे. पण मागच्या वर्षी ते पंधरा दिवस दवाखान्यात होते, तेव्हा आम्हाला डोळे उघडे ठेवूनही माल सापडत नव्हता."

निर्णय मी द्यावा, अशी दोघांची अपेक्षा होती. मी त्यांना चहा दिला आणि विचार करण्यासाठी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जे मनात आले, ते या वेळच्या लेखात मांडतो आहे. आपल्या अनेक कुटुंबांत दुकानाबरोबर एखादा लहान कारखानाही असतो, आणि हा वाद तेथे आज ना उद्या येणारच आहे.

या प्रणालीच्या मुळाशी असलेली कल्पना व्यापारी माणसास अवघड वाटण्याचे कारण नाही. दुकानदार माल कसा मागवतो? साबणाच्या पेट्या अमुक संख्येच्या खाली आल्या की नवी खरेदी. गिऱ्हाईक किती येईल हे ठाऊक नसल्याने तेथे अंदाज करणे भागच असते. कारखानेही अनेक वर्षे सुट्या भागांची खरेदी याच रीतीने करीत असत. १९६० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी या तज्ज्ञाने व त्याच्या समविचारी सहकाऱ्यांनी यातील चूक दाखवून दिली. किती पंप विकले जातील, हा अंदाजाचा विषय होय. परंतु २०० पंप करावयाचे एकदा ठरले, की त्यांना बेअरिंग किती लागतील, यात अंदाजाला जागा उरत नाही. तो शुद्ध हिशेब आहे. ऑर्लिकीचे या विषयावरील पुस्तक १९७५ साली प्रसिद्ध झाले. कारखान्यांत आज 'ईआरपी' या नावाने जे सॉफ्टवेअर विकले जाते, त्याचा गाभा अजूनही हाच हिशेब आहे.

आपल्या मित्राच्या पंपाचेच उदाहरण घेऊ. एका पंपास दोन बेअरिंग लागतात. २०० पंपांना ४०० झाली. स्टोअरमध्ये १५० आहेत, पुरवठादाराकडून १०० यावयाची आहेत. म्हणजे नवी खरेदी १५० ची. बेअरिंग यावयास तीन आठवडे लागत असतील, तर जुळणीच्या तारखेपासून तीन आठवडे मागे जाऊन खरेदीची तारीख काढावयाची. पंपाचे बाहेरचे कवच फाउंड्रीतून यावयास सहा आठवडे लागतात, म्हणून त्याची मागणी आणखी आधी नोंदवावयाची. एका पंपाचा एवढा हिशेब आपली मुनीममंडळी पाठीमागच्या कागदावर करतील. अडचण पुढे आहे. एका पंपात पन्नास-साठ भाग, पंपाचे पंधरा नमुने, तेच बेअरिंग त्यांतील सहा नमुन्यांत लागणारे, आणि दर आठवड्याला गिऱ्हाईक मागणी बदलणारे. बदल झाला की सारा हिशेब नव्याने. हे काम माणसाने करावे असे नाहीच. संगणक ते काही सेकंदांत करतो, आणि प्रत्येक टप्प्याची नोंद केली तर कोणता भाग कोठे अडला आहे हेही दाखवतो.

येथवर मुलाची बाजू बळकट आहे. आता पित्याची बाजू.

हा हिशेब दोन नोंदींवर उभा असतो. एका पंपात कोणते भाग किती लागतात त्याची यादी, जिला कारखान्यात बीओएम म्हणतात, ही पहिली. प्रत्येक भाग स्टोअरमध्ये खरोखर किती शिल्लक आहे, ही दुसरी. समजा, स्टोअरच्या प्रत्येक नोंदीच्या खरेपणाची शक्यता शंभरात ९५ आहे. हे प्रमाण ऐकावयास उत्तम वाटते. परंतु पंप जोडण्यास सगळे भाग एकाच वेळी हाताशी लागतात. दहा भागांची जुळणी असेल, तर दहाही नोंदी खऱ्या असण्याची शक्यता ९५ टक्क्यांचा दहा वेळा गुणाकार करून येते, ती सुमारे ६० टक्के. भाग वीस असतील तर ती ३६ टक्क्यांवर उतरते. म्हणजे शंभरात ९५ नोंदी बरोबर ठेवणाऱ्या कारखान्यातही तीनपैकी दोन वेळा काही ना काही नोंद खोटी निघावी. आपल्याकडे ९५ टक्के नोंदी बरोबर असलेली स्टोअर किती, हे मी बँकेच्या तपासणीच्या निमित्ताने पुष्कळ पाहिले आहे. त्यावर अधिक लिहीत नाही.

सॉफ्टवेअर विकणारे प्रतिनिधी हा गुणाकार कधी दाखवत नाहीत. ते रंगीत आलेख दाखवतात.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. अमेरिकेतील हर्शे या चॉकलेट कंपनीने ११.२ कोटी डॉलर खर्चून नवी प्रणाली उभारली आणि १९९९ च्या जुलैमध्ये, म्हणजे हॅलोविन व नाताळच्या विक्रीच्या तोंडावर, ती सुरू केली. आपल्याकडे दिवाळीच्या आधी पंधरा दिवस सगळी खतावणी बदलावी, त्यातलाच हा प्रकार. सुमारे १० कोटी डॉलरच्या मालाची मागणी कंपनीला पुरवता आली नाही. तिसऱ्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घटला. चॉकलेट तयार नव्हते असे मुळीच नाही. कारणे अनेक होती, परंतु त्यांतील एक आमच्यासारख्या तपासणी करणाऱ्यांना लगेच पटणारे आहे. हंगामात जागा कमी पडली की माल कारखान्यातल्या मोकळ्या खोल्यांत, मिळेल तेथे ठेवण्याची जुनी सवय होती. त्या खोल्यांची साठ्याची जागा म्हणून नव्या प्रणालीत नोंदच नव्हती. कर्मचाऱ्यांना माल दिसत होता, संगणकाला दिसत नव्हता.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी एका शाखेचा व्यवस्थापक होतो. गाव व कारखाना यांची नावे येथे अनावश्यक आहेत. त्या कारखान्याचे कॅश क्रेडिट खाते आमच्याकडे होते. दरमहा स्टॉक स्टेटमेंट येई, त्यातून देणी वजा करून, मार्जिन काढून आम्ही ड्रॉइंग पॉवर ठरवीत असू. पूर्वी ते स्टेटमेंट हाताने लिहिलेले असे. अक्षर वाईट, खाडाखोड पुष्कळ. त्यामुळे मी तपासणीला गेलो की दोन-तीन वस्तू हटकून मोजत असे, एखादा ढीग काट्यावर चढवत असे. मग त्यांनी संगणक घेतला. छापील यादी येऊ लागली, प्रत्येक वस्तूचा दर दोन दशांश स्थानांपर्यंत. खरे सांगावयाचे तर त्या छापील कागदाने माझा संशय निजवला. मी यादी हातात घेऊन रॅकपुढे उभा राही, यादीतली वस्तू समोर दिसली की खूण करी. रॅकमधली वस्तू यादीत आहे की नाही, आणि आहे तर तेवढीच आहे काय, हे उलट बाजूने पाहण्याचे मी सोडून दिले. मर्यादावाढीची शिफारसही माझ्याच सहीने गेली.

दीड वर्षात खाते अडकले. नंतर साठ्याची प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा कळले, की जॉबवर्कला पाठवलेला माल संगणकात स्टोअरमध्येही शिल्लक होता आणि जॉबवर्कवाल्याकडेही. नाकारलेली कास्टिंग पुऱ्या दराने धरलेली होती, वास्तविक ती भंगाराच्या भावाची होती. यात लबाडी नव्हती, हे मी आजही खात्रीने म्हणतो. नोंदी करणारा मुलगा नोकरी सोडून गेला होता आणि नवा मुलगा फक्त आवक टाकत होता, जावक नव्हे. मालकाचा स्वतःचाच त्या आकड्यावर विश्वास होता. त्या विश्वासावर त्यांनी आणखी उधारीने खरेदी केली. पुढे त्यांना वडिलोपार्जित घर विकावे लागले. कामगारांची देणी कशीबशी भागली. मला वरिष्ठ कार्यालयाचे खुलासापत्र आले, ते मी उत्तर देऊन मिटवले. घर विकल्यानंतर ते गृहस्थ एकदा शाखेत आले होते. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

असो. उत्पादन व जुळणी याबरोबर एका तिसऱ्या क्षेत्राचा विचार करावयास हवा, कारण आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी भंगार, जुन्या बॅटऱ्या व अलोह धातूंच्या व्यापारात आहेत. वस्तू जोडताना यादी ठाऊक असते. वस्तू सुटी करताना तीच यादी उलटी वाचावी लागते, आणि तेथे काय निघेल याची शाश्वती नसते. ॲपल कंपनीने २०१८ साली 'डेझी' नावाचा यंत्रमानव दाखवला. तो तासाला २०० आयफोन सुटे करू शकतो. हे साधते याचे कारण फोन त्यांचाच असतो, त्यातला प्रत्येक स्क्रू कोठे आहे ते त्यांना माहीत असते. आपल्या भंगारवाल्याच्या पोत्यात मात्र वीस कंपन्यांचे फोन, काही फुटलेले, काही आधीच उघडलेले. तेथे नियोजन करणाऱ्या संगणकाला नेमके उत्तर नव्हे, तर शक्यता हाताळाव्या लागतात.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत हे रोज घडते, फक्त त्यास आपण पुनर्चक्रण म्हणत नाही. भट्टीत पिग आयर्न, पोलादाचा भंगार आणि फाउंड्रीचाच परत आलेला माल एकत्र वितळवतात. साच्यात रस वाहून नेणाऱ्या वाटांत व पुरवठ्याच्या फुग्यांत जे लोखंड थिजते, म्हणजे रनर आणि रायझर, ते तोडून पुन्हा भट्टीत जाते. कोणता घटक किती घातला म्हणजे रसायन बरोबर येईल आणि खर्चही कमीत कमी होईल, हा हिशेब संगणक करतो. रसाचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर तपासून तो पडताळतात. पण भंगारात तांब्याची तार राहून गेली असेल, तर ते तांबे वितळून रसातच राहते, जळून जात नाही. दर फेरीत परत येणाऱ्या मालाबरोबर ते पुन्हा भट्टीत जाते. म्हणून भंगाराचे ढीग जातीवार वेगळे ठेवावे लागतात. पावसाळ्यात जागेअभावी दोन ढीग एकत्र झाले, की संगणक ज्या ढिगाचा हिशेब करीत असतो, तो ढीग जगात अस्तित्वातच नसतो.

सरकारनेही आता या व्यवहाराची नोंद संगणकावर घेतली आहे. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे नियम आहेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उत्पादकाने ठरावीक प्रमाणात जुन्या मालाचे पुनर्चक्रण करून घ्यावयाचे. ई-कचऱ्यासाठी हे प्रमाण पहिली दोन वर्षे ६० टक्के, पुढची दोन ७० व त्यानंतर ८० टक्के आहे. नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याने जेवढे काम केले, तेवढी प्रमाणपत्रे त्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर मिळतात आणि उत्पादक ती विकत घेतो. कल्पना चांगली आहे. प्लॅस्टिकसाठीही अशीच पद्धत आहे, आणि २०२३ मध्ये त्याच मंडळाच्या तपासणीत काही कारखान्यांनी सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे निर्माण केल्याचे उघड झाले. पोर्टलवरचा हिशेब अचूक जुळत होता, प्लॅस्टिक मात्र वितळलेच नव्हते. या धंद्यातील आपल्या बंधूंनी नोंदणी अवश्य करावी, परंतु आवक-जावकीच्या काट्याच्या पावत्या पोर्टलइतक्याच जपून ठेवाव्यात. उद्या तपासणी आली तर तेवढीच बाजू आपली असेल.

आठ दिवसांनी पितापुत्र पुन्हा आले. मी सांगितले, सॉफ्टवेअर घ्या, परंतु तीन महिन्यांनी. तोपर्यंत रोज स्टोअरमधील दहा वस्तू मोजा, महाग व रोज लागणाऱ्या आधी. मोजणी नोंदीशी न जुळल्यास आकडा दुरुस्त करून गप्प बसू नका, का जुळला नाही ते शोधा. कधी चलन उशिरा आलेले असते, कधी रात्रपाळीत भाग चिठ्ठीशिवाय गेलेला असतो. आणि बीओएम मुलाने एकट्याने लिहू नये. पप्पांनी शेजारी बसावे, कारण कोणत्या पंपास एक वॉशर जास्त लागतो हे आराखड्यात नाही, ते त्यांच्या डोक्यात आहे. मुलाला तीन महिने फार वाटले. पित्याला मोजणीच अपमानास्पद वाटली, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

परवा पित्याचा दूरध्वनी आला. पहिल्या शंभर वस्तूंपैकी तेवीस जुळल्या नव्हत्या. शिवाय डोळे मिटून सांगता येणाऱ्या रॅकच्या मागच्या ओळीत, सात वर्षांपूर्वी बंद केलेल्या नमुन्याचे मेकॅनिकल सील निघाले, खरेदीच्या भावाने सव्वा लाखाचे. "मुलाला अजून सांगितले नाही," असे ते म्हणाले, आणि थोडे थांबून, "म्हणजे आज संध्याकाळी सांगणार आहे." पुढच्या मोजणीला मी यावे, असेही त्यांनी सुचवले. येताना यादी आणू नका, आधी रॅक पाहू, यादी नंतर, एवढी अट घातली.