अडीच कोटींचा एक रेडर की स्वस्तातले तिघं? प्रो कबड्डीच्या लिलावाचं गणित

मेडशी हे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं, अकोला-वाशिम रस्त्यावरचं गाव. अशा गावांत कबड्डी सुरू करायला मोकळी जागा आणि चुन्याच्या रेषा पुरतात. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि या खेळाला बाजारभाव मिळाला. सगळ्यात मोठ्या बोल्या लागतात त्या बहुतेक वेळा रेडरवर, म्हणजे चढाई करणाऱ्यावर.

पण संघ रेडरची किंमत ठरवतात कशी? आणि ती बरोबर ठरते का?

एकटा रेडर का पुरत नाही?

सामना ४० मिनिटांचा, चढाई ३० सेकंदांची. एका संघाच्या वाट्याला साधारण चाळीस चढाया येतात. त्यातली बरीच कामं मुख्य रेडरच्या गळ्यात पडतात.

आता त्याची पकड झाली तर? तो बाहेर बसतो. सोबत्यांनी प्रतिस्पर्ध्याचे खेळाडू बाद केले की आपले खेळाडू परत येतात, तेही ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने. म्हणजे मुख्य रेडरला मैदानात आणण्याचं काम दुसऱ्या-तिसऱ्या रेडरचं आणि बचावफळीचं. ते जमलं नाही तर महागडा खेळाडू बाकावर बसून लोण चढताना बघत राहतो.

त्यातच सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. अशा वेळी मुख्य रेडर जपायचा म्हणून दुसऱ्याला पाठवतात. शिवाय समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो, त्यामुळे बोनस काढण्यात तरबेज असलेला गडी वेगळा लागतो. एक डावीकडून, एक उजवीकडून चढाई करणारा असेल तर कोपऱ्यातल्या बचावपटूंना अंदाज बांधता येत नाही.

थोडक्यात, संघाला एक रेडर नको असतो, रेडरची फळी हवी असते.

पैशाचं कोडं

२०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाकडे खर्चायला ५ कोटी रुपये होते. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. निम्म्याहून जास्त पैसे एकाच खेळाडूवर!

पवनने त्या हंगामात दोनशेहून अधिक गुण मिळवले, म्हणजे तो कमी पडला नाही. पण टायटन्सने २२ पैकी फक्त २ सामने जिंकले आणि ते तळाला राहिले.

त्याच लिलावात पुणेरी पलटणनेही मोठी बोली लावली, २ कोटी ३५ लाखांची. पण ती रेडरवर नाही, तर इराणच्या मोहम्मदरझा शादलूईवर, ज्याची खरी ताकद पकडीत आहे. चढाईची जबाबदारी अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते आणि आकाश शिंदे यांच्यात वाटली. यातल्या एकानेही चढाईचे दोनशे गुण गाठले नाहीत. तरीही १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं.

याआधी २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने याच पवनवर २ कोटी २६ लाख लावले होते. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि हंगाम संपला. तिथे नरेंदर या नवख्या रेडरने भार उचलला आणि संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला.

मग स्टार रेडर घ्यायचाच नाही?

तसंही नाही. २०१७ मध्ये प्रदीप नरवालने एका हंगामात चढाईचे विक्रमी ३६९ गुण घेतले आणि पाटणा पायरेट्स विजेते ठरले. पण त्याच संघात मोनू गोयतने दुसरा रेडर म्हणून सुमारे १९० गुण आणले होते. पुढच्या वर्षी हरियाणाने मोनूला १ कोटी ५१ लाखांना घेतलं, मुख्य रेडर म्हणून. संघ गटात शेवटचा आला. कारणं इतरही होती, पण प्रदीपच्या जोडीला खेळणारा मोनू आणि एकट्याने ओझं वाहणारा मोनू यांची किंमत सारखी धरता येत नाही. लिलावात खेळाडू विकत मिळतो, त्याची जोडी मिळत नाही.

गावातल्या पोरांसाठी याचा अर्थ काय?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतलं. त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले आणि पुढच्याच लिलावात टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. अशी उडी क्वचितच कुणाला जमते.

मेडशीच्या खेळाडूची वाट थोडी वेगळी आहे. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापेक्षा स्वतंत्र उतरतो, त्यामुळे आधी विदर्भाच्या संघात जागा मिळवावी लागते. पुढे लिलावात नाव लागलं, तर २०२३ मध्ये सगळ्यात खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख होती.

संघ फक्त एकाच हुकमी रेडरच्या शोधात असतील, तर या पोरांना दार जवळपास बंदच. पण पलटणसारखी फळी बांधायची ठरली, तर बोनस काढणारा, तिसऱ्या चढाईला न डगमगणारा, मुख्य रेडरला मैदानात परत आणणारा, अशा सगळ्यांची गरज पडते. गावच्या स्पर्धेत सगळ्यांत जास्त गुण घेणाऱ्याला बक्षीस मिळतं. लिलावात मात्र दुसऱ्या क्रमांकाचं काम चोख करणाऱ्यालाही गिऱ्हाईक आहे.